प्रतोद, घोडेबाजार आणि लेस्टरचे खोकड

इंग्रजीतील प्राण्यांवरचे वाक्प्रचार मराठी विद्यार्थ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या दोन रकान्यांच्या कोष्टकातून येत राहिले आहेत : डाव्या रकान्यात इंग्रजी शब्दसमूह, उजव्या रकान्यात त्याचा मराठी अर्थ, आणि दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ. ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थांची बेरीज करून लागत नाही, त्यास वाक्प्रचार म्हणावे अशी व्याख्या व्याकरणात असल्याने, तो पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही अशी समजूतही तिच्याबरोबर रूढ झाली. प्रत्यक्षात यांतील बरेच वाक्प्रचार कधी काळी अक्षरशः खरे होते. कोणाच्या तरी धंद्यात, खेळात किंवा कज्जात ती रोजची बोली होती, आणि पुढे तो धंदा मागे पडला तरी बोली उरली. हा उगम जमिनीवर पाय ठेवून तपासायचा असेल, तर इंग्लंडच्या मध्यभागी असलेले लेस्टर शहर आणि त्याभोवतीचा लेस्टरशायर परगणा यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण आहे.

मराठी वाचकास लेस्टर ठाऊक असते ते १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीय कुटुंबांमुळे आणि बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीमुळे. २०२१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ३ लाख ६८ हजार होती आणि तीतील एक तृतीयांशाहून अधिक लोक भारतीय वंशाचे होते; त्यांत गुजराती भाषक बहुसंख्य, तर रुग्णालये, विद्यापीठे आणि संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे त्या मानाने थोडी. शहराची वेस ओलांडली की मात्र कुंपणझाडांनी आखलेली हिरवी कुरणे लागतात, आणि या कुरणांचे दैवत म्हणावे असा प्राणी म्हणजे 'फॉक्स'. १९४८ पासून तो लेस्टर सिटी या फुटबॉल संघाच्या बोधचिन्हावर आहे आणि परगण्याचा क्रिकेट संघही 'फॉक्सेस' याच नावाने ओळखला जातो; डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे २०२४ च्या उन्हाळ्यात याच संघातून खेळला. मराठी पाठ्यपुस्तके फॉक्सला बिनदिक्कत 'कोल्हा' म्हणतात, परंतु कोल्हा हा निराळा प्राणी असून फॉक्सचा भारतीय भाऊबंद म्हणजे खोकड. गंमत अशी की हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या अंमलदारांना खोकडाच्या शिकारीची हौस भागवण्यासाठी कोल्ह्यावरच समाधान मानावे लागले आणि उटीच्या शिकारी मंडळाने वर्षानुवर्षे कोल्ह्यांचाच पाठलाग केला. तेव्हा पाठ्यपुस्तककारांची चूक साहेबांनी आधीच कृतीत उतरवली होती, असे म्हणता येईल.

खोकडाच्या शिकारीला आधुनिक रूप देण्याचे श्रेय ह्यूगो मेनेल या जमीनदारास दिले जाते. १७५३ ते १८०० अशी जवळजवळ अर्धशतकभर तो लेस्टरशायरमधील क्वॉर्न या गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शिकारी मंडळाचा प्रमुख होता. त्यापूर्वी ही शिकार संथ गतीने आणि भल्या पहाटे चाले. मेनेलने वेगवान आणि तरीही तीक्ष्ण नाकाच्या कुत्र्यांची पैदास केली, शिकारीची वेळ पुढे ढकलली, आणि मोकळी शेते कुंपणांनी बंदिस्त होऊन कुरणे बनत असलेल्या त्या काळात घोड्यावरून कुंपणे ओलांडण्याचा एक नवाच थरार श्रीमंतांना उपलब्ध करून दिला. क्वॉर्न, बीव्हर आणि कॉट्समोर या तीन मंडळांच्या हद्दी जिथे जवळ येतात, ते मेल्टन मोब्रे हे बाजाराचे गाव एकोणिसाव्या शतकात शिकारी उमरावांची हिवाळी राजधानी होऊन बसले.

या शिकारीचे तंत्र समजून घेतल्याखेरीज तिच्यातून निघालेली भाषा उलगडत नाही. आदल्या रात्री एक माणूस कंदील घेऊन हिंडे आणि खोकड भक्ष्याच्या शोधात बाहेर पडले असताना त्याची बिळे बुजवून टाकी, जेणेकरून सकाळी त्याला घरात शिरता येऊ नये. सकाळी कुत्र्यांचा ताफा झुडपांत सोडला जाई; कुत्र्यांची मोजदाद एकेकट्याने न करता जोडीने होई. खोकड झुडपातून निसटले की कुत्री नाकाने त्याचा माग धरीत आणि एकसुरात भुंकू लागत, ज्याला 'फुल क्राय' म्हणत. आजच्या इंग्रजीत एखाद्या मंत्र्याच्या मागे वृत्तपत्रे हात धुऊन लागली की हाच शब्दप्रयोग होतो. वाऱ्याने, मेंढरांच्या कळपाने किंवा ओढ्याच्या पाण्याने वास तुटला की ताफा थबके, गोंधळे; या अवस्थेचे नाव 'ॲट फॉल्ट', आणि कुत्र्यांनी गोल फिरून तुटलेला वास पुन्हा शोधण्याच्या क्रियेचे नाव 'कास्ट', ज्यातून उपाय चाचपडण्याच्या अर्थाचा 'कास्ट अबाउट' हा प्रयोग आला. खोकड चुकून उघड्या राहिलेल्या बिळात घुसले तर ते 'गॉन टू ग्राउंड', म्हणजे आजच्या भाषेत पोलिसांना हुलकावणी देऊन दडी मारलेला आरोपी. आणि एखादे अनाडी कुत्रे खोकडाचा वास सोडून ससा किंवा हरीण यांच्या मागे लागले तर त्याने 'रायट' केला असे म्हणत. दंगल या अर्थाने तो शब्द मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु लगाम सुटल्यासारखे वागणे या अर्थाचा 'रन रायट' हा वाक्प्रचार रस्त्यावरच्या जमावातून आलेला नसून सोळाव्या शतकापासून भरकटलेल्या शिकारी कुत्र्यांसाठी वापरात होता.

अशा भरकटणाऱ्या कुत्र्यांना ताफ्यात परत आणण्यासाठी मुख्य शिकाऱ्याच्या हाताखाली लांब चाबूक घेतलेले घोडेस्वार असत. त्यांस 'व्हिपर-इन', म्हणजे चाबकाने आत हाकणारा, असे नाव होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पार्लमेंटमधील बहुसंख्य सभासद स्वतःच शिकारीचे शौकीन असल्याने, मतदानाच्या वेळी आपल्या गटाचे सभासद सभागृहात हाकून आणणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी तेच नाव दिले, आणि ते झिजत झिजत 'व्हिप' एवढेच उरले. सभासदांना धाडलेल्या आदेशपत्रासही व्हिपच म्हणू लागले, आणि बाब किती निकडीची आहे हे आदेशाखाली ओढलेल्या रेघांच्या संख्येवरून कळू लागले. भारताच्या संसदीय व्यवहारात हा शब्द जसाच्या तसा आला. मराठीने त्यासाठी 'प्रतोद' हा संस्कृत शब्द निवडला, ज्याचा मूळ अर्थ जनावर हाकण्याचा चाबूक असाच असल्याने लेस्टरशायरच्या शिकारी मैदानाशी असलेले नाते भाषांतरातही तुटले नाही. १९८५ साली राज्यघटनेस दहावी अनुसूची जोडली गेली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व धोक्यात आले, तेव्हापासून या चाबकाला कायद्याची धार आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर पक्षाचा खरा प्रतोद सुनील प्रभू की भरत गोगावले, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा असल्याचे सांगून गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. त्या दिवशी महाराष्ट्रातील घराघरांत जो शब्द दूरचित्रवाणीवर अखंड ऐकू येत होता, त्याच्या मुळाशी बहकलेल्या कुत्र्यांना वळवणारा एक घोडेस्वार आहे. ही उपमा आमदारांना मानवण्यासारखी नाही, पण ती भारतीयांनी दिलेली नव्हे.

मराठीतही शिकारीची भाषा आहे, परंतु ती निराळ्या शिकारीची आहे. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलात शिकार होई ती हाका घालून : गावकऱ्यांची रांग आरडाओरडा करीत, डबे बडवीत रान पिंजून काढी आणि मचाणावरचा शिकारी बंदूक रोखून बसे. म्हणून मराठीत 'हाकाटी' होते, 'सावज टप्प्यात' येते, आणि सारी भिस्त माणसाच्या आवाजावर व बसलेल्या माणसाच्या नेमावर राहते. इंग्रजी शिकारीत माणूस कुत्र्याच्या नाकाच्या भरवशावर धावतो, त्यामुळे तिथली भाषा वासाची आणि मागाची. शब्दकोशात या दोन भाषांची बरोबरी लावता येते, परंतु त्यांच्या पोटातले अनुभव एक नाहीत.

इंग्रजी शिकारीच्या नावावर खपलेला, पण पुरता तिच्यातला नसलेला वाक्प्रचार म्हणजे 'रेड हेरिंग'. हेरिंग हा मासा खारवून धुराला दिला की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास सुटतो. कुत्र्यांची दिशाभूल करण्यासाठी तो मागावरून ओढत नेत, म्हणून मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणाऱ्या गोष्टीस हे नाव पडले, असे आजही सांगितले जाते. सतराव्या शतकातील शिकारविषयक लेखनात मात्र हा मासा येतो तो घोड्यांना ताफ्यामागे धावण्याची सवय लावण्यासाठी, कुत्र्यांना चकवण्यासाठी नव्हे. चकवण्याची कथा लोकप्रिय केली ती विल्यम कॉबेट या झुंजार पत्रकाराने, १८०७ साली. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीला भुलून देशातील प्रश्न विसरलेल्या वृत्तपत्रांची त्याला खिल्ली उडवायची होती, म्हणून आपण लहानपणी सशामागच्या कुत्र्यांना असा मासा ओढून कसे बहकवले याची हकिकत त्याने रंगवून सांगितली. म्हणजे दिशाभुलीला दिलेले नावच एका चतुर संपादकाच्या गोष्टीतून रूढ झाले.

'हंटिंग ॲक्ट २००४' या नावाच्या कायद्याने कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदी घातली आणि ती १८ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आली. शिकारी मंडळे आधीच टाकून ठेवलेल्या कृत्रिम वासामागे धावण्याच्या खेळाकडे वळली; तोही बंद करण्याचे आश्वासन मजूर पक्षाने २०२४ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दिले.

लेस्टरच्या नगरभवनाला लागून 'हॉर्सफेअर स्ट्रीट', म्हणजे घोड्यांच्या बाजाराचा रस्ता, आहे, आणि नगरभवन ज्या जागी १८७० च्या दशकात उभे राहिले तिथे त्यापूर्वी गुरांचा बाजार भरत असे. अशा बाजारात घोड्याचे वय विकणाऱ्याच्या तोंडून कळत नाही, ते घोड्याच्या तोंडातून कळते. पाचव्या वर्षाच्या सुमारास घोड्याचे पुढचे कायमचे दात पुरे होतात, पुढे त्यांच्या माथ्यावरचे काळे खळगे घासून नाहीसे होत जातात, आणि उतारवयात दात पुढे झुकून हिरड्यांबाहेर लांब दिसू लागतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक एका हाताने घोड्याची जीभ बाजूला धरून दुसऱ्या हाताने ओठ उलटतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. 'लाँग इन द टूथ' म्हणजे वय झालेला. आणि भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये, ही जी म्हण इंग्रजीत सोळाव्या शतकापासून छापील आढळते, तिचा अर्थ फुकटच्या वस्तूची अशी तपासणी करणे हा देणाऱ्याचा अपमान आहे, इतका सरळ. घोड्यांच्या दलालांची लबाडी जगजाहीर असल्याने 'हॉर्स ट्रेडिंग' हे चलाख सौदेबाजीचे नाव झाले. त्यावरून आलेला 'घोडेबाजार' मराठी वृत्तपत्रांत आता इतका मुरला आहे की विधान परिषदेची निवडणूक त्याच्याविना पार पडत नाही. शब्दाविना की बाजाराविना, हे वाचकाने ठरवावे.

मराठीचे स्वतःचे घोडे मात्र बाजारात फारसे दिसत नाही. ते वरातीमागून येते, गंगेत न्हाते, आणि काम अडले की नेमके तिथेच पेंड खाते. म्हणजे ते मिरवणुकीचे किंवा स्वारीचे जनावर आहे, राबणारे नव्हे. राबण्याचा मान बैलाकडे. चोरी झाल्यावर तबेल्याचे दार बंद करण्याची इंग्रजी म्हण मध्ययुगापासून आढळते आणि 'बैल गेला नि झोपा केला' ही मराठी म्हण तिची सख्खी बहीण वाटते, तरी दोहोंत उसनवारी मानण्याचे कारण नाही. ज्या समाजात जे जनावर गेल्याने घर बसते, तेच म्हणीत आले. झोपा म्हणजे काट्याकुट्यांचे किंवा बांबूच्या कामट्यांचे गोठ्याचे दार, हे सांगावे लागेल अशी पिढी केवळ लेस्टरमध्ये नव्हे, पुण्यातही वाढते आहे.

मेंढ्यांविषयी थोडक्यात सांगता येते. लफबरोजवळच्या डिशली येथील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) या शेतकऱ्याने निवडक नर-मादींच्या संकरातून 'न्यू लेस्टर' ही लांब लोकरीची मेंढी घडवली आणि पशुपैदाशीचे शास्त्र पाश्चात्त्य जगाला दिले. कळपात मधूनच जन्मणाऱ्या काळ्या मेंढीची लोकर रंगवता येत नसल्याने तिला भाव कमी, म्हणून 'ब्लॅक शीप' म्हणजे कुळाला बट्टा लावणारा.

कोंबड्यांच्या झुंजींची आठवण शहरातील न्यूआर्क हाउसेस या संग्रहालयात एका अवाढव्य पोशाखाच्या रूपाने टिकून आहे. तो पोशाख डॅनियल लॅम्बर्ट (१७७०–१८०९) याचा. तुरुंगाधिकारी, शिकारी कुत्र्यांचा आणि झुंजीच्या कोंबड्यांचा जाणकार, आणि अखेरच्या काळात वजन सुमारे ३३५ किलो. लॅम्बर्टच्या काळातील शौकिनांची अशी श्रद्धा होती की शेपटीत पांढरे पीस असलेला कोंबडा अस्सल जातीचा नसतो आणि तो ऐन झुंजीत पाठ दाखवतो; 'पांढरे पीस दाखवणे' म्हणजे कच खाणे, हा अर्थ तिथला. १८३५ च्या कायद्याने या झुंजी बंद झाल्या, पण १९१४ साली लष्करात न गेलेल्या तरुणांच्या कोटाला पांढरी पिसे टोचून त्यांना चारचौघांत लाजवण्याची मोहीम इंग्लंडातील बायकांनी चालवली, तेव्हा ज्यांनी कधी झुंज पाहिली नव्हती त्यांनाही पिसाचा अर्थ बरोबर कळला.

याच संग्रहालयात लेस्टरशायर पलटणीचे दालन आहे आणि तिच्या बिल्ल्यावर वाघ आहे. ही पलटण, म्हणजे मूळची १७ वी पायदळ पलटण, १८०४ पासून १८२३ पर्यंत हिंदुस्थानात होती; तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८१७ च्या डिसेंबरात, जबलपूरपाशी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पाडाव करणाऱ्या तुकडीत ती होती. या सेवेबद्दल १८२५ साली तिला वाघाचे चिन्ह आणि त्यावर 'हिंदुस्तान' ही अक्षरे मिरवण्याचा मान मिळाला, आणि सैनिकांस 'टायगर्स' हे टोपणनाव पडले. १८८० साली स्थापन झालेल्या लेस्टरच्या रग्बी संघाचे 'टायगर्स' हे नाव पलटणीवरून आले की खेळाडूंच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यांवरून, याविषयी दोन मते आहेत. शनिवारी सामन्याला जाणाऱ्या मराठी मुलाने त्या वाघाकडे पाहताना नागपूरची आठवण ठेवायला हरकत नाही.

माणसाला जनावराचे नाव देणे नेहमीच इतके निरुपद्रवी नव्हते. तिसऱ्या रिचर्ड राजाचे मानचिन्ह पांढरा रानडुक्कर होते. १४८४ साली विल्यम कॉलिंगबर्न याने लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या दारावर दोन ओळींचे कवन लावले. त्यात राजाचे सल्लागार केट्सबी, रॅटक्लिफ आणि लव्हेल अनुक्रमे मांजर, उंदीर आणि कुत्रा झाले होते आणि राजा डुक्कर. राजद्रोहाच्या आरोपांत कवनाचीही भर पडली आणि कॉलिंगबर्नला हाल करून ठार मारण्यात आले. पुढच्याच वर्षी २२ ऑगस्टला राजा बॉसवर्थच्या रणात पडला, तीन दिवसांनी केट्सबीचा लेस्टरमध्येच शिरच्छेद झाला, आणि राजाने जिथे शेवटचा मुक्काम केला असे सांगतात त्या 'व्हाइट बोअर' खानावळीच्या मालकाने पाटीवरच्या डुकराला निळा रंग देऊन विजेत्यांच्या बाजूचा केला, अशी लेस्टरची परंपरा आहे. राजाचा सांगाडा २०१२ साली शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला.

इतके सारे कोशांत आणि संग्रहालयांत. परंतु लेस्टरच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या मराठी गृहिणीच्या कानावर पडणारा प्राणी बदक आहे. मोड आणून पैसे परत करणारा भाजीवाला, बसचा चालक, दवाखान्यातील परिचारिका, सगळेच समोरच्या माणसाला, मग तो पुरुष असो की बाई, 'मी डक' म्हणतात. आपल्याकडे 'राजा' किंवा 'चिमणे' म्हणावे तसे. हा शब्द सरदारवाचक जुन्या सॅक्सन शब्दापासून आला असे मध्य इंग्लंडात अभिमानाने सांगतात, पण कोशांचा त्याला आधार नाही. बदक हेच लाडाचे संबोधन म्हणून सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि शेक्सपिअरच्या नाटकांतही येते. उलट, मराठी शाळांत घोकून घेतलेला 'मांजरे-कुत्री बरसण्याचा' पाऊस, ज्याला सतराव्या शतकाचा दाखला असला तरी गवती छपरांवरून घसरणाऱ्या जनावरांची कथा निव्वळ भाकड आहे, आजच्या लेस्टरकराच्या बोलण्यात अभावानेच पडतो.

उसने आलेले वाक्प्रचार मराठीत कसे बदलतात, हा खरा अभ्यासाचा विषय. जुन्या मराठीत दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. इंग्रजीवरून 'पांढरा हत्ती' आला आणि त्याने पोसण्याच्या खर्चाने बुडवणारी सरकारी योजना असा अर्थ धारण केला. नावडत्या दरबाऱ्याला राजा पांढरा हत्ती देऊन भिकेला लावी, ही कथा इंग्रजीने सयामच्या नावावर सांगितली; प्रत्यक्ष सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, तो हत्ती शुभ आणि राजवैभवाचा, इतका की विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो राष्ट्रध्वजावर होता. २०१० पासून लेस्टर सिटी संघ थायलंडच्या श्रीवद्धनप्रभा कुटुंबाच्या मालकीचा आहे आणि २०१६ च्या मे महिन्यात, सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव दिलेला असताना, याच संघाने प्रीमियर लीग जिंकली. त्या वेळी मराठी बातम्यांतही 'अंडरडॉग' हा कुत्र्यांच्या झुंजीतला शब्द भाषांतराविना वापरला गेला.

अल्फ्रेड मॅनवेअरिंग याने १८९९ साली ऑक्सफर्डहून छापलेल्या मराठी म्हणींच्या संग्रहात शेती आणि प्राणी यांना स्वतंत्र प्रकरणे दिली. दाते आणि कर्वे यांच्या १९४० च्या दशकातील 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'ने त्याहून पुष्कळ पुढची मजल मारली. मराठीत उसने आलेले प्रतोद, घोडेबाजार, पांढरा हत्ती, सिंहाचा वाटा, नक्राश्रू यांची नोंद मात्र नुसत्या अर्थापुरती करून भागणार नाही. ते प्रथम कोणत्या नियतकालिकात, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या लेखणीतून उतरले, हे जुन्या अंकांच्या फायली चाळून लिहून काढले पाहिजे. ज्यांच्या घरी अशा फायली अजून पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला एकदा विचारावे.